मागची सीट

त्रेचाळीस किका झाल्या. मोजत होतो, कारण मोजण्यापलीकडे मला त्या गाडीतलं काहीच येत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वेळी दांडा उलटा आला आणि नडगीवर असा बसला की मी पार्किंगच्या पायरीवर मटकन खाली. गाडी ढिम्म. साधी खोकलीसुद्धा नाही.

तुळजाबाई जिना पुसत होत्या. गेली वीस वर्षं आमच्या इमारतीचा जिना आणि पार्किंग त्यांच्याकडे आहे, त्यामुळे त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत असतं ते त्या तोंडावर सांगतात.

"काका, गाडी बाईंची हाय ती," त्या म्हणाल्या. "तुमचं कशाला ऐकंल?"

"तुम्ही फरशी बघा," मी म्हटलं.

पण खरं होतं ते. गाडी उल्काची. उल्का म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि गाडी तेव्हापासून जिन्याखालच्या कोपऱ्यात उभी होती, तिने शेवटची लावली होती तशीच. आता ती तिथे राहणार नव्हती, कारण कोपराच राहणार नव्हता. सदाशिव पेठेतली आमची इमारत पाडून तिथे नवी उभी करायची आहे. शनिवारी सकाळी माझं सामान टेम्पोतून वारज्याला भाड्याच्या जागेत जायचं होतं. तीन वर्षांसाठी, असं बिल्डर म्हणतो. म्हणजे पाच धरून चाला.

आज गुरुवार होता. आणि उद्या, शुक्रवारी दुपारी चार वाजता, गाडीसाठी भंगारवाला येणार होता.

तो माझ्या लेकीने ठरवलेला. तनया विश्रांतवाडीला असते, म्हणजे पुण्यातच असते, म्हणजे महिन्यातून एकदा भेटते. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, बी प्रॅक्टिकल. तुम्हाला गाडी चालवता येत नाही आणि ती गाडी चालत नाही. तिथे नेऊन करणार काय?"

"चालेल ती," मी म्हटलं.

"ओके. सुरू झाली तर न्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण शुक्रवारी चारपर्यंत. नाहीतर ती जाणार. डील?"

डील म्हणे! मी तावातावाने हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याला पेट्रोलचा कॉक कुठे असतो तेही ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात जन्म गेला आणि गाडी येत नाही? नाही येत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मित्राची स्कूटर मागून आणली, उल्काला मागे बसवलं आणि अलका टॉकीजच्या चौकात दोघं आडवे झालो. तिच्या कोपराला तीन टाके पडले. माझ्या अब्रूला किती पडले ते कोणी मोजलं नाही. मी तिथेच जाहीर केलं की पुन्हा हँडलला हात लावणार नाही. ती कोपर धरून उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "बरं. मग मी शिकते."

आणि शिकली. आधी मोपेड, मग तनया तिसरीत असताना ही मोटारसायकल. उल्का शाळेत गणित शिकवायची. सकाळी पावणेसातला एकटी निघायची, तेव्हा मी अंथरुणात. रविवारी आणि सणावारी मात्र आम्ही जोडीने. ती पुढे, मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. चौकातल्या पेपरच्या स्टॉलपाशी आमची निवृत्तांची बैठक असते, तिथून हमखास कोणीतरी ओरडायचं, "काय यज्ञेश्वर, आज सारथी जोरात!" मी म्हणायचो, "सारथी धड होता म्हणूनच अर्जुन टिकला." हसू दे हसतात त्यांना. मला त्या सीटवर कधीही लाज वाटली नाही.

तिची एक पद्धत होती. ती पुढे बसायची आणि वळूनही न बघता डावा हात मागे न्यायची, मागच्या सीटच्या कडेला दोनदा थोपटायची. थप, थप. तोंडाने काही नाही. मग मी बसायचो. मला मफलर, पिशवी, चष्मा असं सगळं सावरायला वेळ लागायचा आणि आमची गल्ली अरुंद, मागून रिक्षावाला हॉर्न मारायचा. तेव्हा ती शांतपणे सांगायची, "थांबा जरा. माणूस बसायचंय अजून."

मला गाडी का हवी होती, ते तनयाला मला नीट सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतो. नोकरीत मला टेबल होतं, ते दुसऱ्याला मिळालं. घरातली माझी खुर्ची आता वारज्याला जाईल आणि तिथे तिच्यासमोर दुसरी खुर्ची नसेल. या जगात कोणीतरी जागा थोपटून मला 'ये, बस' म्हटलं, ती जागा एकच. तीच दोरीने बांधून हातगाडीवर चढवताना बघायचं माझ्यात बळ नव्हतं. बस, एवढंच.

उल्काचा मेकॅनिक म्हणजे खजिना विहिरीजवळचा ज्ञानदेव. त्याच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्याचा नंबर फिरवला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई मला गोड आवाजात सांगत राहिली. मी टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली. एकशे अठ्ठ्याण्णवला फोन केला की "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" म्हणणारा जो वैतागलेला आवाज यायचा, तो मी. आता मला तक्रार नोंदवायची होती तर समोर रेकॉर्ड केलेली बाई. कर्म माझं.

शेवटी मोबाइलच्या कव्हरवाल्यानेच नागोरावांचं नाव सांगितलं. नागोराव मूळचे नांदेडकडचे, पुण्यात बावीस वर्षं, पलीकडच्या गल्लीत फुटपाथवरच दुकान. मध्यम वयाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"आठ महिन्यांचं पेट्रोल आहे की हो, काका. शिळं झालं. ह्याच्यावर कशी चालंल?"

टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं. कार्बोरेटर उघडला, त्यातला जेट चिकटला होता, तो फुंकून, तारेने साफ करून बसवला. किक. काही नाही. प्लग काढला, काळा कुळकुळीत. पॉलिशपेपरने घासला, मग इंजिनाला टेकवून धरला आणि मला म्हणाले, "आता मारा किक, काका." मी मारली. ते वाकून प्लगच्या टोकाकडे बघत राहिले.

"करंटच नाही," ते म्हणाले. "ठिणगी पडंना. नवीन प्लग लावून बघू."

नवा प्लग लावला. ठिणगी नाही. प्लगची टोपी बदलली. नाही. चावीच्या वायरी तपासल्या. त्या ठीक होत्या. मग नागोराव टाचांवर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, एक विचारू का? चोरस्विच बसवलाय का कुठं?"

चोरस्विच म्हणजे गाडीत कुठेतरी लपवून बसवलेला खटका. कुठे आहे ते मालकालाच ठाऊक. तो बंद असला की चोराने पाय मोडेस्तोवर किका मारल्या तरी गाडी सुरू होत नाही.

"छे हो!" मी म्हटलं. जरा दुखावलोच. "असता तर मला माहीत नसता का? छत्तीस वर्षांचा संसार आहे. आमच्यात लपवाछपवी नव्हती."

"तसं नाही, आपलं विचारलं," नागोराव ओशाळून म्हणाले. "मग करंटचा डबा गेला असंल. सीडीआय. उद्या नाना पेठेतून आणतो."

ते गेले. मी वर आलो. घरात सगळी खोकी बांधलेली, भिंतींवर फोटोंचे चौकोन तेवढे उरलेले. पावणेसहाला गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल वळली. उल्का शाळा, शिकवण्या आटोपून त्याच वेळेला परतायची आणि तो आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचो, म्हणजे ती जिना चढून येईपर्यंत उकळी फुटलेली असायची. आठ महिने झाले तरी कुठलीही गाडी वळली की माझा हात लायटरकडे जातो. त्या दिवशी लायटरही खोक्यात गेला होता. हात ओट्यावर चाचपडला आणि मी एकटाच मोठ्याने म्हणालो, "अरे मूर्खा." रिकाम्या घरात ते फार मोठं ऐकू आलं.

शुक्रवारी अकराला नागोराव नवा डबा घेऊन आले. टाकी उतरवली, डबा बदलला, प्लग टेकवला. मी किक मारली. ते बघत राहिले. मी परत मारली. त्यांनी मान हलवली.

मग कॉइल बदलली. तेही नाही. दीड वाजला, दोन वाजले. मी त्यांना कोपऱ्यावरून पोहे आणून दिले, ते त्यांनी हात न धुताच कागदाने धरून खाल्ले. पार्किंगची फरशी सुट्या भागांनी भरली होती. तुळजाबाई त्या दिवशी दुपारीही आल्या होत्या, कारण इमारत रिकामी व्हायची म्हणून सगळीकडचा केर उचलायचा होता. त्या एकेक नट ओलांडत झाडत होत्या आणि प्रत्येक नटामागे एक उसासा टाकत होत्या.

अडीच वाजता नागोरावांनी पाने गोळा करायला सुरुवात केली.

"मॅग्नेटची कॉइल गेली असंल, काका. ह्या मॉडेलची आता मिळत नाही. माझ्याच्यानं नाही होणार."

माझं डोकं फिरलं. "नाचता येईना अंगण वाकडं!" मी ओरडलो. "प्लग बदला, डबा बदला, कॉइल बदला! चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तुमची दोन दिवस! आता म्हणता मिळत नाही?"

तुळजाबाईंचा झाडू थांबला. नागोराव मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिंधीने एकेक बोट पुसत म्हणाले, "काका, गाडीला विचारायचं ते समदं विचारलं. ती बोलंना. आता तिच्या घरच्यांनीच काय सांगितलं तर."

मी पायरीवर बसलो. दीड तास उरला होता. दुसरं काही सुचेना म्हणून मी तेहतीस वर्षांची सवय करायला लागलो, तोंडातल्या तोंडात. एकशे अठ्ठ्याण्णववर आम्हाला तीन प्रश्न ठरवून दिलेले होते. फोनमध्ये आवाज येतो का? वायर नीट बसली आहे का? आणि घरात आणखी काही जोडलंय का? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. लोक आतल्या खोलीत गुपचूप दुसरा फोन जोडायचे, आम्ही त्याला पॅरलल म्हणायचो. परवानगी नसायची, म्हणून विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे. "छे हो!" आणि जितका दुखावलेला "छे हो", तितका फॉल्ट नेमका तिथेच. आमचे साहेब सांगायचे, ग्राहक छे हो म्हणाला की आधी पॅरलल शोधा.

आणि तसा दुखावलेला "छे हो" मी कालच ऐकला होता. माझ्याच तोंडून.

मला चौदा वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. त्या वेळी उल्काने गाडीची जादा किल्ली इमारतीच्या वीजमीटरच्या पेटीमागे लपवली होती. काय डोकं! मला तिच्या डोक्याचं इतकं कौतुक की मी ते पेपरच्या स्टॉलवर सांगितलं. मग दूधवाल्याला सांगितलं. इस्त्रीवाल्यालाही सांगितलं असेल. आठवड्यात गाडी गेली. नऊ दिवसांनी पोलिसांचा फोन आला, गाडी विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर पेट्रोल संपून उभी होती. त्या नऊ दिवसांत उल्का माझ्याशी एकच वाक्य बोलली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

गाडी परत आली. दोन-चार दिवस ज्ञानदेवकडे होती, लॉक बदलायला. मग रविवार आला. उल्काने गाडी बाहेर काढली, पुढे बसली. मी जिन्यात उभा, जावं की न जावं. आधी ती "बसा" म्हणायची. त्या दिवशी काही बोलली नाही. हात मागे नेला आणि सीट थोपटली, दोनदा. मी धावत जाऊन बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिला पाठीमागे दिसलं नसेल. मला वाटलं, झालं, तिने मला माफ केलं. त्या दिवसापासून चौदा वर्षं ती प्रत्येक वेळी थोपटायची आणि प्रत्येक वेळी मला तसंच वाटायचं.

"नागोराव," मी म्हटलं. "सगळ्या वायरी बघा. एखादी कंपनीची नसेल ती शोधा. पॅरलल असेल."

"काय असंल?"

"चोरस्विच हो! आहे. असणार. मला माहीत नव्हता, एवढंच."

नागोरावांनी पुन्हा पाने बाहेर काढले. ज्ञानदेवचं काम सुबक होतं, त्याने आपली वायर कंपनीच्याच काळ्या नळीतून घातली होती, म्हणून दोन दिवस दिसली नाही. नागोरावांनी नळी ब्लेडने उभी चिरली. चार वायरींच्या जागी पाच निघाल्या. पाचवी त्यांनी बोटाने धरली आणि टाकीखालून, चौकटीच्या कडेने, मागे मागे नेली. मी बघत होतो आणि ती कुठे जाणार ते मला आधीच कळलं होतं. थांब, असं मनात म्हणत होतो. तिथे नको जाऊस.

"काका, हितं हात लावा."

मी हात लावला. मागच्या सीटची डावी कड. वरून हात ठेवला की तळवा सीटवर पडतो आणि बोटं आपोआप कडेखाली वळतात. तिथे, वाटाण्याएवढा, एक खटका.

मी तो दाबला. खट्.

नागोरावांनी तारा, टाकी, नळ्या सगळं पुन्हा जोडलं. साडेतीन वाजून गेले होते. त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी खोकली, तिसरीला सुरू झाली. तोच आवाज. आठ महिने ज्यासाठी माझा हात लायटरकडे जात होता तो आवाज जिन्याखाली घुमायला लागला. तुळजाबाईंनी दोन्ही हात जोडून गाडीला नमस्कार केला. नागोराव घाम पुसत म्हणाले, "काखेत कळसा आन् गावाला वळसा, काका!"

मला आनंद व्हायला हवा होता. गाडी वाचली होती, लेकीशी घातलेली पैज मी जिंकलो होतो. पण मी तिथे उभा राहिलो आणि मला जन्मात वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. कारण आता सगळं समजत होतं. गाडी लावली की ती रुमालाने मागची सीट पुसायची. मला वाटायचं, मी बसतो म्हणून पुसते. कसचं काय! खटका बंद करायची. आणि निघताना थोपटायची ते खटका उघडायला. चौदा वर्षं मी ज्याला माफी समजत होतो ते कुलूप होतं. आणि ते चोरासाठी जितकं होतं, तितकंच माझ्यासाठी.

"काय हो, तोंड का असं?" तुळजाबाईंनी विचारलं. "झाली की सुरू."

"झाली," मी म्हटलं. आणि मग मला आवरेना. "तुळजाबाई, मला वाटायचं ती मला बोलावते. हात मागे करून सीट थोपटायची ना, ते मला वाटायचं माझ्यासाठी. ती खटका दाबत होती हो नुसती. मी आपला चौदा वर्षं त्या खटक्यावर खूश!"

माणसाने मोलकरणीसमोर रडू नये असं आमच्याकडे म्हणतात. मी रडलो.

तुळजाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "म्या रोज बघितलंय ते," त्या म्हणाल्या. "बाई बसल्या की हात मागं न्यायच्या. मला वाटायचं, आपण कामाला जुंपताना बैलाला थोपटतो तसं गाडीला थोपटत्यात. हात मागं, सीटला येकदा थोपटायचं, मग किक."

"दोनदा," मी नाक पुसत म्हटलं.

"येकदा."

"अहो, दोनदा! मी मागे उभा असायचो, मला सांगताय?"

"तुमी रविवारचं उभं असायचा!" तुळजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सकाळी पावणेसातला तुमी अंथरुणात घोरत असायचा, म्या हितं फरशी पुसत असायची. येकट्या असल्या की येकदाच. वीस वर्षं हितं हाय मी, मला काय मोजता येत न्हाई? तुमी संगट असला की दोनदा."

मी नागोरावांकडे बघितलं. ते गाडी रेस करायचे थांबले.

"खटक्याला एकदाच लागतं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा दाबला तर बंदच पडंल की. वरनं नुसता हात मारला असंल."

गाडी उभ्या उभ्या हळू धडधडत होती. मी तिच्याजवळ गेलो. छत्तीस वर्षांनी पहिल्यांदाच पाय पलीकडे टाकला आणि पुढच्या सीटवर बसलो. हँडल माझ्या हातात थरथरत होतं. मी वळून न बघता डावा हात मागे नेला. तळवा सीटवर पडला, बोटं कडेखाली वळली, खट्. इंजिन बंद पडलं. पार्किंगमध्ये एकदम शांत झालं.

मग मी हात उचलला आणि पुन्हा एकदा सीट थोपटली. नुसती, वरून. ही दुसरी. हिला खटक्याचं काही काम नव्हतं. हिचं काम फक्त माझ्याशी होतं, आणि ती हे चौदा वर्षं, न चुकता, न बोलता करत होती. आणि मी तिला एकदाही मागून हात पुढे करून काही दिलं नव्हतं.

फाटकाशी हातगाडी थांबल्याचा आवाज आला. भंगारवाला दोरी खांद्यावर टाकून आत आला, घड्याळात चार वाजले होते. त्याने बंद गाडीकडे बघितलं, तिच्यावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं.

"काका, उतरा. गाडी न्यायची ना?"

माझा हात अजून मागच्या सीटवर होता.

"थांबा जरा," मी म्हटलं. "माणूस बसायचंय अजून."